चाल गळ्यातली आणि पायातली

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात गडब येथे झालेले भाषण)



 आम्हाला कीर्तनाला उभं राहायची सवय आहे, भाषणाची नाही. कीर्तनात मागे टाळकरी असतात. आमचा दम संपला की ते चाल उचलून धरतात, आम्ही घोटभर पाणी पितो, पुढचं प्रमाण आठवतो, आणि लोक समजतात महाराज रंगात आले. आज मागे नुसता बॅनर आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

तरुण मंडळींनी विषय दिला तो मात्र बरा दिला. म्हणाले, महाराज, दिंडी कोणी काढली, कोण कधी अध्यक्ष होतं ते पुस्तकात येईलच, तुम्ही चालींचं सांगा. कुठून आल्या, कोणी लावल्या, तुम्ही कोणाचं ऐकून शिकलात. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून आम्हीही हो म्हटलं.

आता बघा, आपल्या भाषेत चाल म्हणजे काय? बैलाची चाल म्हणतो, माणसाची चाल म्हणतो आणि अभंगाचीही चालच म्हणतो. शब्द एकच. बाकीच्या गाणाऱ्यांना यात काही वाटणार नाही, कारण मैफलीत गाणारा बसून गातो आणि ऐकणारा बसून ऐकतो. दिंडीत गाणारा चालतो, वाजवणारा चालतो, ऐकणाराही चालतो. त्यामुळे आपल्याकडे जी चाल पायाला जमत नाही ती गळ्याला कितीही गोड लागली तरी टिकत नाही.

कार्तिकीला आपण आळंदीला निघतो. इथून पेण, मग खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहू करून आळंदी. खोपोलीच्या पुढे चढ लागला की तिथे लांब दमाची चाल घेऊन बघा. दुसऱ्या चरणाला निम्मे टाळकरी गप्प, आणि गळ्यात पखवाज अडकवलेल्या माणसाचे डोळे पांढरे. म्हणून जुने वीणेकरी घाटात लहान चरणाचे अभंग घ्यायचे, नाहीतर नुसता नामाचा गजर. सपाटीला आलं की मोठे अभंग. दुपारी जेवणं झाल्यावर अंग जड होतं, तेव्हा गौळणी. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की हरिपाठ. भजनी मालिकेत कोणत्या वेळेला कोणते अभंग, कोणत्या वाराला कोणते, ते छापलेलं आहे. पण कोणत्या चढाला कोणती चाल, ते कुठेच छापलेलं नाही. ते वीणेकऱ्याच्या पायाला कळायचं.

अभंगाची घडण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोठ्या अभंगात एका कडव्याचे चार तुकडे. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. लहान अभंगात दोनच तुकडे, आठ-आठ अक्षरांचे. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, नुसती अक्षरं मोजायची. आम्ही चौथी शिकलो, वृत्त-छंद काही शाळेत झालं नाही. आम्हाला हे आमच्या मृदंगाच्या गुरुजींनी बोटांवर शिकवलं. अंगठा सोडून चार बोटं, एका बोटाला तीन पेरं, म्हणजे एका हाताला बारा. उजव्या हातावर सहा आणि सहा बसले, हात भरला. डाव्या हातावर सहा आणि चार. म्हणजे डाव्या हाताची दोन पेरं रिकामी राहिली. गुरुजी म्हणायचे, ही दोन पेरं टाळकऱ्यांची. तिथे शेवटचं अक्षर लांबतं, टाळ मोकळा वाजतो, सगळे श्वास घेतात आणि पाऊल पुढे पडतं. चाल लावणाऱ्याने ती दोन पेरं भरून टाकायची नाहीत.

आता आम्ही शिकलो कुठे? लोक विचारतात, महाराज, तुमचे गुरू कोण? मृदंगाचे गुरू सांगितले. पण सूर आधीच कानात पडलेला होता. आमची आई जात्यावर बसायची, पहाटेच्या अंधारात. ओवीचे तीन तुकडे ती जात्याच्या फेऱ्याबरोबर म्हणायची आणि शेवटच्या अर्ध्याला हात सैल सोडून मूठभर दाणे घालायची. म्हणजे तिथेही रिकामी जागा होतीच. जात्याला दाणे घालायला जागा, टाळकऱ्याला श्वासाला जागा.

लय शिकलो ती बांधावर. आपला सगळा खारेपाट. भरतीला खाडीचं पाणी बांधाला लागतं, आणि बांधाला खांड गेली की शेतात खारं पाणी शिरतं, मग जमीन धुऊन निघेपर्यंत भाताचं नाव नको. खांड बांधायला ओहोटीचाच काय तो वेळ. तेवढ्यात गाव उतरायचा. माणसांची रांग लावायची आणि चिखलाचा गोळा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एक जण आवाज द्यायचा, बाकीचे झेलायचे. शब्दाबरोबर गोळा हातात, शब्दाबरोबर पुढे. घाई केली तर गोळा खाली पडतो, रेंगाळलं तर भरती येते. पुढे गुरुजींनी समेचं शिकवलं तेव्हा आम्हाला काही नवल वाटलं नाही. सम म्हणजे गोळा पुढच्याच्या हातात पोचला ती जागा, इतकं साधं.

आणि तिसरं शिक्षण मांडवातलं. आपल्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले म्हणते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी चालतात. पूर्वी कित्येक ठिकाणी भटजी नसला तरी चालायचं, धवलारीण पाहिजे. आजकालच्या पोरांना वाटतं हे अडाण्यांचं काहीतरी. बाबांनो, ज्ञानोबारायांच्या काळात, तेराव्या शतकात, महानुभाव पंथात महदंबा नावाच्या बाई झाल्या. त्यांनी कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि मराठीतल्या पहिल्या कवयित्री म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांचा धवळा तोच आपल्या मांडवातला धवला. शब्द सातशे वर्षांचा आहे, आणि आपण त्याच्यावर डीजे लावतो.

धवल्याची चाल बघा. थोड्याच सुरांत फिरते, वर उडी नाही, खाली बुडी नाही, पण रात्रभर म्हटली तरी घसा बसत नाही. आता आपल्या दिंडीत काकड्याला जी जुनी भूपाळी म्हणतात ती आठवा. दोन्ही एका वाटेने जातात. आमचं मत असं, की या दिंडीचे पहिले टाळकरी घरी आया-बहिणींचा धवला ऐकून मोठे झाले आणि देवासमोर उभे राहिले तेव्हा तीच चाल तोंडातून निघाली. दुसरी कुठून येणार? तेव्हा रेडिओ नव्हता घरात.

पण चाली बाहेरूनही आल्या. हे झाकून ठेवायचं कारण नाही. काही जुनी मंडळी म्हणतात, आमचं सगळं शुद्ध परंपरेचं, नाटक-सिनेमाने भजन बाटवलं. आम्हाला हे पटत नाही. १९३१ साली 'संत कान्होपात्रा' नाटक आलं. बालगंधर्व कान्होपात्रा झाले, चाली मास्तर कृष्णरावांच्या. संतांचे अभंग नाटकात गेले आणि भैरवी होऊन देवळात परत आले. आज कीर्तनाच्या शेवटी भैरवी लागली की डोळे मिटणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, ही चाल कुठली? ते सांगतील, आमच्या बुवांची. बुवांनी कुठे ऐकली ते बुवांनाच माहीत.

मग १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' चित्रपट आला. विष्णुपंत पागनीस तुकोबाराय झाले. ते मुळात भजनात रमणारे, म्हणून लोकांना खरेच तुकोबा वाटले. परदेशात व्हेनिसलाही त्या चित्रपटाचा मान झाला. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. त्या चित्रपटात बीज आणि वृक्षाचं एक गाणं आहे. ते तुकोबारायांचं नाही. शांताराम आठवले नावाच्या कवीने ते चित्रपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. ते इतकं उतरलं की भल्याभल्यांनी गाथेत शोधलं. कीर्तनकार तुकोबांचं प्रमाण म्हणून देऊ लागले. अजूनही कोणी कोणी देतात. ओळखायची खूण सोपी आहे, शेवटी नाममुद्रा बघायची. त्या गाण्यात तुकोबांचं नाव येतच नाही.

नाममुद्रेचं महत्त्व इथे कळतं. संतांनी शेवटच्या चरणात नाव गुंफलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्याला कळतं की हे कोणाचं. आता प्रल्हाद शिंदे यांनी गायलेलं पायी वारीचं गाणं घ्या, पावलांचं. ते गाणं माहीत नाही असा माणूस या मांडवात नसेल. आवाज प्रल्हाद शिंद्यांचा, हेही पोरं सांगतील. लिहिलं कोणी? बघा, कोणी हात वर करत नाही. दत्ता पाटील यांनी लिहिलं, मधुकर पाठक यांनी चाल लावली. एवढं गाणं, आणि लिहिणाऱ्याचं नाव मांडवात कोणाला माहीत नाही.

रेडिओचंही सांगितलं पाहिजे. पुणे आकाशवाणीसाठी राम फाटक यांनी नामदेवरायांच्या अभंगाला चाल लावली आणि पंडित भीमसेन जोशी ती गायले. भीमसेनजी कर्नाटकातले, गदगकडचे. आमचे एक काका कायम सांगायचे, तो गडबचाच माणूस आहे, रेडिओवाल्यांनी नाव चुकीचं वाचलं. मग लताबाईंनी श्रीनिवास खळे यांच्या चालीत 'अभंग तुकयाचे' गायलं. त्या चाली ऐकून आम्ही वेडे झालो. खळ्यांची चाल शब्दाला धरून चालते, कुठे चरण मोडत नाही. पण एक सांगतो, त्या चाली दिंडीत घ्यायला गेलं की अर्ध्या वाटेत राहतात. दोष त्यांचा नाही. त्या बसून ऐकायच्या चाली आहेत, पंडितजींचा दम टाळकऱ्याला नसतो. देवळात जागर असेल तेव्हा आम्ही जरूर घेतो. रस्त्यावर नाही.

म्हणून चाल कुठून आली याचं आम्हाला सोवळं नाही. आमच्याजवळ एकच परीक्षा आहे. नवी चाल कोणी आणली की आम्ही म्हणतो, चल, टाळ घे आणि देवळापासून हायवेपर्यंत चालून दाखव. हल्ली पोरं गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर अभंग बसवतात, मोबाईलवर ट्रॅक लावून. चालायला लागलं की कळतं. सिनेमाच्या गाण्याचा दम वेगळ्या शब्दांसाठी कापलेला असतो. त्यात सहा अक्षरं कोंबायची तर शब्द मधेच तुटतो, अर्धा या ओळीत, अर्धा त्या ओळीत, आणि ती दोन पेरं, टाळकऱ्याची, ती तर ट्रॅकमधल्या बेंजोने कधीच खाल्लेली असतात. तोंडात नाव देवाचं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे हिरोइन. कशी काय समाधी लागायची?

तुम्ही स्वतः काही रचलं का, असंही विचारतात. रचलं. बांधावर म्हणायला रचलं, गणपतीत रचलं, नातवंडांचे पाळणे रचले. पेरांवर अक्षरं मोजत लावणीच्या वेळी चिखलात उभं राहून रचलं. कीर्तनात मात्र त्यातला एक शब्द घेतला नाही. वारकरी कीर्तनाचा नेम आहे, प्रमाण संतांचंच, निळोबारायांपर्यंत. पूर्वी हा नेम आम्हाला जाचक वाटायचा. आता वाटतं, बरं आहे. ज्याने जन्मभर संतांची अक्षरं मोजली त्याला आपलं कुठे कमी पडतं ते लगेच दिसतं. पण रचायला मना नाही, मुलांनी रचावं. अक्षर मोजून रचणाऱ्याच्या तोंडी संतांचा अभंग कधी मोडत नाही.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो ते बोलतो.

तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तरली, हे आपण सगळे सांगतो. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहायचे असं परंपरा सांगते. त्यात चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगारामपंत मवाळ, यांनी अभंग लिहून ठेवले, लोकांनी पाठ केले. पुढे १८६९ साली मुंबई सरकारच्या खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापायला घेतली. १९५० साली सरकारने पुन्हा छापली, पु. मं. लाड यांनी ते काम पाहिलं. आता मोबाईलमध्ये गाथा आहे. शब्दांना काही भीती राहिली नाही. पण त्या चौदा टाळकऱ्यांची चाल कोणती होती? कोणी सांगू शकेल? ती कागदावर नव्हतीच, गळ्यात होती. गळा गेला, चाल गेली.

तेच आज गडबात चाललं आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचे उपकार मोठे. आपली पोरं तिकडे शिकून येतात, गायन-पखवाज पक्का, पाठांतर पक्कं. आम्हाला अभिमान आहे. पण ती पोरं येतात ती तिकडची चाल घेऊन, आणि गावची चाल विचारायला घरात कोणी उरलेलं नसतं. हा संस्थेचा दोष नाही, गावची चाल गावानेच शिकवायची असते. बाकीची पोरं कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून आलेल्या पोराला पहाटे काकड्याला उठ म्हणायला आमचीही जीभ रेटत नाही.

शेतकरी माणसं आहोत म्हणून आपल्या भाषेत सांगतो. पूर्वी या खाजणात काळा राता, भुरा राता भात असायचा. तांबडं, जाडं, बाजारात भाव नाही. पण खारं पाणी लागलं तरी उभं राहायचं. मग नव्या जाती आल्या, पनवेल केंद्राच्या आल्या, चांगल्या आल्या, आम्हीही लावल्या. राता ज्याने कणगीत राखला त्याच्याकडेच राहिला. आज कोणाला पाहिजे तर घरोघर विचारत फिरावं लागतं.

आता काकड्याच्या त्या जुन्या भूपाळीचं सांगतो. तिची मूळ चाल, उतरणीच्या वळणासकट, आज गावात दोनच माणसांना येते. एक आम्ही. दुसऱ्या आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या आत्या, ज्या एके काळी धवलारीण होत्या. त्यांनी जन्मात टाळ हातात धरला नाही. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन बायांच्या रांगेत मागे चालल्या. पुढे पुरुष गायचे, त्या मागून ऐकायच्या. पुढचे गेले, चाल मागच्या रांगेत शिल्लक राहिली. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या ओटीवर बसून ती भूपाळी म्हटली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "दादा, तुझा बापूस हितं इतका वर नाय जायचा, हितं पोरं झोपलेली असतात." काकड्याची चाल हलकी का, ते आम्हाला साठी ओलांडल्यावर कळलं.

एका पोराने त्यांचं मोबाईलवर भरून ठेवलं आहे, चांगलं केलं. पण मोबाईल त्यांच्यासारखा थांबवून सांगत नाही.

तेव्हा कमिटीकडे आमचं मागणं एवढंच आहे. शताब्दीच्या वर्गणीतून कमान बांधा, मंडप बांधा, आमची ना नाही. पण या वर्षीच्या प्रत्येक एकादशीला आत्यांच्या ओटीवर चाल शिकायला मुलं बसवा. आणि नुसते मुलगे नको, मुली बसवा. मुलींच्या हातात टाळ द्या, ज्या मुलीचा हात चांगला तिला पखवाज द्या. कोणी म्हणतील, महाराज, आपल्या दिंडीत असं नव्हतं. नव्हतं खरं. पण मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग आपण शंभर वर्षं पुरुषांच्या तोंडाने म्हणत आलो, त्याला कोणी हरकत घेतली नाही. आणि आमच्या नंतर ती भूपाळी येणारं जे एक माणूस उरेल, ती बाईच आहे. तिच्याकडून शिकायचं आणि तिच्या नातीला टाळ द्यायचा नाही, हे आम्हाला सांगताही येणार नाही.

आमच्या नातीला पेरांवर मोजायला येतं. पखवाजाला कणीक लावायलाही शिकली आहे, जरा जास्त लावते, पण शिकेल.

येत्या एकादशीला संध्याकाळी, हरिपाठ झाला की ओटीवर यायचं. टाळ घरचे आणा, देवळातले पुरणार नाहीत. आत्यांना रात्री दिसत नाही, तेव्हा कोणीतरी बॅटरी घेऊन लवकर जा आणि ओटीवर सतरंजी टाका. चहा आमच्याकडे.

रामकृष्ण हरी.